सराईच्या अंगणात उघडलेला डबा

सौदीत येणाऱ्या माणसाला मी फोनवर जी यादी वाचून दाखवते, तिच्यात पहिलं नाव खसखशीचं असतं. खसखस आणायची नाही. मसाल्यात नाही, वाटणात नाही, पिशवीच्या कोपऱ्यात चुकून राहिलेलीसुद्धा नाही. आपल्याकडे ती लाडवात पडते, बाळंतिणीच्या खिरीत पडते, पण ती निघते अफूच्या बोंडातून आणि इथल्या कायद्यात तिची गणती अमली पदार्थांत होते. विमानतळावर पुडी सापडली तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही. यान्बूला येऊन मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हे ऐकवलंय. नवरा म्हणतो, विमानतळावरच्या लोकांपेक्षा तुझी तपासणी कडक आहे. तो चेष्टेने म्हणतो, पण मला त्यात बरंच खरं वाटतं.

आई यंदा दिवाळी झाल्यावर आली. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. वडील गेल्यापासून कराडच्या घरात ती एकटीच असते, म्हणून मी हट्टाने तिचा तीन महिन्यांचा व्हिसा काढला होता. निघायच्या आधी व्हिडिओ कॉलवर मी तिला खसखशीचं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती वैतागली. “कळलं गं बाई. शाळेत बसवलंयस का मला?” म्हणाली. मी चौथ्यांदाही सांगणार होते, पण तेवढ्यात रेंज गेली.

ती आली. बॅगा सुखरूप बाहेर आल्या. चकल्या निघाल्या, कडबोळी निघाली, मेतकूट निघालं. एक चपटा स्टीलचा डबा तिने बॅगेतून काढला आणि परत आत ठेवला. काय आहे विचारलं तर म्हणाली, “ते नंतर. सगळं एकाच दिवशी बघायचं असतं का?” मी घाईत होते. पुन्हा विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी तिला काय काय सांगितलं ते आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. ओढणी गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालू नकोस, वसाहतीत चालत नाही. लिफ्टमध्ये दिसेल त्याला नाव-गाव विचारत बसू नकोस, चालत नाही. बागेत बायकांचे फोटो काढू नकोस, अजिबात चालत नाही. चहाचा चोथा झाडाला घालू नकोस, चालत नाही. यातलं निम्मं खरोखर इथल्या रीतीचं होतं. उरलेलं निम्मं माझं. दोन्ही मी एकाच आवाजात सांगत होते, त्यामुळे तिला फरक कळायची सोयच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही तो कळेनासा झाला होता.

आई उलट बोलली नाही. ती फक्त हळूहळू कमी जागेत राहायला लागली. कपाटाचा अर्धा भाग मी तिच्यासाठी रिकामा केला होता, तो तसाच राहिला. साडी बॅगेतून काढायची, धुवायची, घडी घालून परत बॅगेत. स्वयंपाकघरात यायची ती दारात थांबून. तिसऱ्या आठवड्यात नाश्ता करताना ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “अलीकडचं तिकीट मिळतं का बघ ना. तुळशी वाळल्या असतील.”

तुळशींना शेजारीण पाणी घालते हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.  तिने राहावं असं मला फार वाटत होतं आणि ही आता गेली तर परत येणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. हे तिला सांगून टाकायला हवं होतं. पण तसं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, “बघू. शनिवारी आपण जुनी सराई बघायला जाऊ.”

आमची वसाहत म्हणजे कारखान्यांच्या सावलीतली. रस्ते सरळ, झाडं मोजून लावलेली, घरं एकसारखी. जुनं यान्बू वेगळं, ते बंदराच्या अंगाला आहे. गाडीने अर्धा तास लागतो. तिथली पडायला आलेली घरं गेल्या काही वर्षांत दुरुस्त करून उघडली आहेत आणि त्यातच ही सराई. पूर्वी जहाजातून उतरलेले यात्रेकरू आणि व्यापारी तिथे मुक्काम करायचे आणि मग उंटांच्या तांड्याबरोबर मदिनेच्या वाटेला लागायचे. वसाहतीतल्या बायकांनी सांगितलं होतं की तिथे चोरट्या मालाच्या गोष्टीही ऐकायला मिळतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला तेवढंच पुरेसं होतं. नवऱ्याची शिफ्ट होती, म्हणून गाडी मीच घेतली. आई पुढे बसली, लेक मागे. निघताना आईने बॅगेतून तो चपटा डबा काढला आणि पदराखाली धरला. “सहलीला हात हलवत जायचं का?” म्हणाली. मी पार्किंगमधून गाडी काढत होते. मी बघितलं नाही.

नोव्हेंबरचं ऊन होतं, इथल्या मानाने अगदी मवाळ. जाताना रस्ता मोकळा असतो. येताना वसाहतीच्या अलीकडे तपासणी नाका लागतो. बहुतेक वेळा तिथला शिपाई हात हलवून पुढे सोडतो, कधी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, बघतो, क्वचित डिकी उघडायला लावतो. मी हजारदा गेले असेन त्या नाक्यावरून. आईला तो दाखवून मी म्हटलं, “येताना पासपोर्ट हाताशी ठेव.” तिने लगेच पर्स चाचपून बघितली.

सराई मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांच्या भिंती, त्यांच्यात अजून शिंपल्यांचे तुकडे दिसतात. वरच्या मजल्याला लाकडी जाळ्यांच्या खिडक्या. मध्ये फरसबंद अंगण, चहूबाजूंनी खोल्या आणि भिंतीत उंट बांधायच्या लोखंडी कड्या. एका कोपऱ्यात आता कॉफीचं दुकान आहे. दोन-तीन सौदी कुटुंबं मुलाबाळांसह बसली होती. मागच्या बाजूला एक दार थेट धक्क्यावर उघडतं आणि त्यातून समुद्राचा वारा येत होता.

“पायरी बघ गं, पडशील!” आई नातीवर ओरडली, तशी दाराशी खुर्ची टाकून बसलेला राखणदार उठून उभा राहिला.

“मराठी?” तो म्हणाला. “कुठच्या तुमी?”

“कराडच्या,” आई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. तीन आठवड्यांत तो तसा उजळलेला मी पाहिला नव्हता.

“आमी खाली खाडीवरचे. दाभोळच्या अंगाला. बावीस वर्सं झाली हितं.” साठीच्या आसपासचा असेल. पांढरी दाढी, कंपनीचा निळा शर्ट, छातीवर ओळखपत्र. आधी एका गोदामावर होता, सराई उघडल्यावर त्याला इथे आणलं. “लोकं येतात, फोटो काढतात, जातात. मराठीत इचारणारं कुणी नाय. चला मावशी, मी दाकवतो.”

तो आईला मावशी म्हणाला आणि आई त्याच्या मागून निघाली, मी आणि लेक तिच्या मागून. त्याने सगळ्या खोल्या दाखवल्या. व्यापाऱ्यांच्या, यात्रेकरूंच्या, उंटवाल्यांच्या. शेवटी तो आम्हाला स्वयंपाकाच्या खोलीत घेऊन गेला. चुलीशेजारची एक फरशी आता काढून तिथे काच बसवली आहे. खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा.

“हितं माल,” तो म्हणाला. “तंबाकू, बंदुकीची दारू, जे चालत नाय ते. पलीकडच्या किनाऱ्यावरनं होड्या यायच्या.”

‘जे चालत नाय ते’ म्हणताना त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण लेकीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि आईने हसू दाबलं.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. खरी किती आणि त्याची किती, देव जाणे. सरकारचे लोक झडती घ्यायला आले की सराईवाल्याची म्हातारी आई त्या फरशीवर फतकल मारून बसायची आणि भाकरी थापायला घ्यायची. शिपाई सगळी सराई उलथीपालथी करायचे, पोती फोडायचे, भिंती ठोकायचे. पण चुलीशी बसलेल्या म्हातारीला ऊठ म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. “आयच्या वयाची बाई,” राखणदार म्हणाला. “तिला कोण उटवणार? वर तिच्या हातची भाकरी खाऊन जायचे.”

आई मनापासून हसली. “हुशार होती हो,” म्हणाली आणि त्या काचेशेजारी जरा वेळ उभी राहिली.

होडी धक्क्याला लागायच्या आत पहारा दिसला तर काय करायचे, तेही त्याने सांगितलं. मालाच्या गाठोड्याला मिठाची पिशवी बांधायची आणि पाण्यात सोडून द्यायचं. गाठोडं तळाला जातं, मीठ विरघळतं आणि पहारा निघून गेल्यावर माल आपोआप वर येतो. लेकीला हे फार आवडलं. “दॅट्स सो स्मार्ट!” म्हणाली आणि पुढची दहा मिनिटं ती मीठ किती वेळात विरघळेल याचाच विचार करत होती.

आम्ही अंगणात येऊन बाकावर बसलो. मी कॉफी आणायला दुकानाकडे गेले. रांग होती. परत आले तेव्हा आईच्या मांडीवर तो चपटा डबा उघडा होता, राखणदाराच्या हातात कागदाच्या रुमालावर काहीतरी होतं आणि लेक डब्यात वाकून बघत होती.

“मम्मा, लुक! बर्गरच्या बनसारखे डॉट्स आहेत याच्यावर.”

अनारसे होते. तीसेक तरी असतील, तूप निथळावं म्हणून आईच्या सवयीप्रमाणे उभे लावलेले. आणि प्रत्येकाच्या अंगावर फिक्या पिवळट बारीक दाण्यांचा थर.

ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, वाळवून, कुटून, चाळून गुळात मळायचे. तो गोळा आठवडाभर मुरायला ठेवायचा. मग खसखशीवर एकेक अनारसा बोटांनी थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. जमला तर त्याला सुरेख जाळी पडते. बिघडला तर तुपात विरघळून जातो. आईचे अनारसे आमच्या गल्लीत प्रसिद्ध होते. मला तर ते एवढे आवडायचे की लहानपणी मी डब्याशेजारी झोपायचे. आणि खसखशीशिवाय अनारसा मी जन्मात पाहिला नव्हता.

 एका क्षणात मला सगळं दिसलं. विमानतळ, आईची बॅग, आमचा पत्ता, नवऱ्याची नोकरी, परतीचा नाका. आणि डिकीत नाही, पिशवीत नाही, भर अंगणात सौदी कुटुंबांसमोर उघडा डबा.

मी कॉफीचे कप जमिनीवर ठेवले आणि डबा ओढून घेतला.

“आई, हे काय आहे?”

“अगं, अनारसे. तुला—”

“खसखस आणू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं होतं?”

“अगं, ऐक तर—”

“तू गप्प बस! एक शब्द बोलू नकोस. तुला कळतंय का तू काय केलंयस? तुरुंगात जाशील तू! आम्हाला पण घेऊन जाशील!”

हे मी हळू बोलले असं मला वाटत होतं. पण शेजारच्या बाकावरची बाई मुलाला जवळ घेऊन आमच्याकडे बघायला लागली, म्हणजे मी ओरडतच असणार. राखणदार पुढे झाला. “ताई, आयका जरा, ती खसखस—”

“तुम्ही मध्ये बोलू नका! तुम्हाला दिलेले कुठे आहेत? ते पण द्या.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. “खलास,” म्हणाला. “खाल्ले.”

मी डबा घेऊन मागच्या दाराने धक्क्यावर गेले. कचऱ्याच्या पेटीत टाकायची माझी हिंमत नव्हती. तिथे कॅमेरा होता. मी कठड्याशी वाकले आणि एकेक अनारसा मुठीत चुरडून पाण्यात सोडला. ते खुसखुशीत होते, चटकन चुरा व्हायचे. तुपाचा आणि गुळाचा वास हाताला लागला. नऊ वर्षांत मी दिवाळीला घरी गेले नव्हते, नेहमी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे, त्यामुळे तो वास मी नऊ वर्षांत घेतला नव्हता. मला आठवतंय, शेवटचा चुरडताना वाटलं की एक तुकडा तोंडात टाकावा. टाकला नाही. खाली माशांची झुंबड उडाली होती.

मग मी बाटलीतल्या पाण्याने डबा विसळला, ओल्या रुमालांनी पुसला, पुन्हा विसळला. आत आले तेव्हा आई आणि लेक उभ्याच होत्या. राखणदार आपल्या खुर्चीवर जाऊन बसला होता. निघताना आईने त्याला हात जोडले. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, “अगं, मी काय म्हणते—”

“नाका पार होईपर्यंत कुणीही काहीही बोलायचं नाही,” मी म्हटलं. “तोंडाला कुलूप. दोघींनी.”

ती गप्प बसली. दोन्ही हातांनी पासपोर्ट धरून, समोर बघत. लेक मागे खिडकीला टेकली होती आणि मला आरशातून तिचा चेहरा दिसत होता. ती माझ्यावर चिडली होती. नाका आला.  शिपायाने आत डोकावून बघितलं, आईचा पदर बघितला, मागे शाळकरी पोर बघितली आणि कंटाळलेल्या चेहऱ्याने हात हलवला. जा.

 मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. नाका मागे लहान होत गेला.

“गेला का नाका?” आईने विचारलं.

“हो.”

“आता बोलू?”

मी मान हलवली.

“राजगिरा होता तो,” आई म्हणाली. “उपवासाचा. खसखस नको म्हणालीस ना, म्हणून राजगिऱ्यावर थापले. पाट पण दोनदा धुतला, मागच्या वर्षीची खसखस त्याच्या खाचेत असेल म्हणून. राजगिऱ्याचं पाकीट नवीन आणलं. घरातल्याला कशाचा हात लागलाय कुणी सांगावं.”

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. बरं झालं त्या रस्त्याला बाजूला जागा होती. माझ्या काळ्या अबायाच्या बाहीवर अनारशाचा चुरा चिकटला होता. मी तो बोटावर घेतला. बारीक फिके दाणे आणि त्यांच्यात दोन-तीन फुललेले, मोहरीएवढ्या पांढऱ्याशुभ्र लाह्या. खसखस कधी फुलत नाही. राजगिरा फुलतो. हे मला माहीत होतं. डबा हातात असताना मी नीट बघितलं असतं तरी कळलं असतं.

“आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं. विचारता विचारताच उत्तर आठवलं.

 मागून लेक म्हणाली, “शी ट्राइड, मम्मा. शी ट्राइड सो मेनी टाइम्स.” मग तिला वाटलं असावं की आजीला हे कळायला हवं, म्हणून तिने ते पुन्हा, अडखळत, मराठीत सांगितलं. “आजी सांगत होती ना.”

मी रडले. गाडीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण सैल. जाऊ दे, जाऊ दे, असं म्हणाली. घरी आल्यावर तिने रिकामा डबा पुन्हा घासला, कोरडा केला आणि बॅगेत ठेवला. संध्याकाळी तिने तिकिटाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तीनदा माफी मागितली. तिन्ही वेळा ती म्हणाली, “अगं, काळजीनेच बोललीस ना.” ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

रविवारी लेक शाळेत गेल्यावर मी एकटीच पुन्हा सराईकडे गेले. निदान त्या माणसाची क्षमा मागावी एवढाच विचार होता. तो दाराशी खुर्ची टाकून बसला होता. मी सांगायला सुरुवात केली तशी त्याने हात वर केला.

“म्हायत हाय मला. राजगिरा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मावशीनीच सांगितलं, डबा उगडता उगडता. ‘लेक म्हणाली खसखस चालत नाय, म्हणून राजगिरा लावला. फार इचार करते हो माजी लेक सगळ्याचा.’ कवतिकानं सांगत हुत्या. मी तुमाला तेच बोलत हुतो. तुमी आयकेना.”

 त्याने शर्टाच्या खिशातून कागदाच्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“दोन दिले हुते मावशीनी. खाल्ले म्हणालो ते खोटं. खिशात हुते. सांगितलं असतं तर ते पण पाण्यात गेले असते. एक राती चायबरोबर खाल्ला. गावाला शेजारच्या वयनी दिवाळीला ताट पाठवायच्या आमाकडे, त्याच्यात असायचा. बावीस वर्सं तोंडात नव्हता. दुसरा ऱ्हायलाय. म्हटलं, ताई येतील.”

“मी येईन असं वाटलं तुम्हाला?”

“नसत्या आल्या तर आज खाल्ला असता,” तो म्हणाला.

परत येताना नाक्यावर मी पर्स मांडीवर ओढून घेतली. पर्समध्ये एक अनारसा होता, राजगिऱ्याचा, अगदी कायद्यातला. तरीही शिपायाने हात हलवेपर्यंत मी श्वास धरून होते. एवढी वर्षं मी ज्या भीतीला शिस्त समजत होते ती ही होती, आणि तीच मी रोज आईला घरात वाढत होते.

आई गॅलरीत ऊन खात बसली होती. मी पुरचुंडी तिच्यापुढे उघडली आणि सगळं सांगितलं. राखणदार खोटं बोलला हे ऐकून ती म्हातारीच्या गोष्टीला हसली होती तशी हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “खा आधी. मला बघू दे.”

मी खाल्ला. एक दिवस कागदात राहून तो किंचित मऊ झाला होता. तरी दाताखाली आधी राजगिरा कुरकुरला आणि मग तूप-गूळ विरघळत गेला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. कराडहून निघाल्यापासून ती याच एका गोष्टीची वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं.

“जाळी पडलीय का? मी एकही खाऊन बघितला नाही. मोजके होते, तुझ्यासाठी.”

“पडलीय,” मी म्हटलं. “छान पडलीय. तो पण म्हणाला चहाबरोबर खाल्ला म्हणून.”

“त्या बिचाऱ्याला एकच मिळाला,” आई म्हणाली. ती जरा वेळ हिशेब करत असल्यासारखी बोटांवर मोजत बसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. या वेळी दारात थांबली नाही. तांदळाचा डबा काढल्याचा आवाज आला, मोठं पातेलं काढल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले. तीन दिवस भिजायला, एक दिवस वाळायला, आठवडाभर मुरायला. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते आणि तिला दिसू नये म्हणून भांडी आवरत होते.

तिने तांदूळ पातेल्यात घेतले. नळाखाली धरले. आणि नळ सोडायच्या आधी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“तांदूळ तीन दिवस ओट्यावर भिजत ठेवले तर चालतं ना गं इथे?”

मी हो म्हटलं. ते इतकं हळू निघालं की तिला ऐकू गेलं नाही. पातेलं तसंच धरून तिने पुन्हा विचारलं.